मऊ जमीन

१२ ऑक्टोबर. सकाळपासून नाचाच्या कपड्यांना ऊन दाखवते आहे.

पावसाळाभर पेटीत बंद राहिलेल्या कपड्यांवर पांढरे ठिपके पडतात आणि एक कुबट वास धरतो. एकदा धरला की धुवूनही जात नाही. म्हणून ऑक्टोबरात, ऊन अंगाला चावायला लागलं की पेटी उघडायची, कपडे उलटे करायचे आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकायचे. उलटे अशासाठी की रंग उडू नये. समोरच्या परबकाकू दार अर्धं उघडून बघत होत्या.

"गो शुभांगी, आता कोण घालतलो ते?"

"कोणी नाही, काकू. पण बुरशी आलेलं घरात कशाला ठेवायचं?"

काकूंना ते पटलं. मलाही पटलं.

शेवटचा सदरा टाकत होते तेव्हा सदानंदचा फोन आला. लालबागच्या मंडळाचा हॉल दिवाळीनंतर पाडणार, हे मला माहीत होतं. सगळी इमारतच पाडणार आहेत. सदानंद म्हणाला, "एकदा 'ये-जा' नाचू या. त्याच फरशीवर. नीट रेकॉर्ड करून ठेवू. बाकीचे तयार आहेत. मंडळाने किल्लीही महिनाअखेरपर्यंत तुझ्याकडेच राहू दिली आहे. रेश्माला तू विचार."

"तू का नाही विचारत?"

"माझं धाडस होत नाही, शुभा."

मी बघते म्हणाले आणि चिमटे लावत राहिले. ऊन इतकं होतं की दोरीवरचे पहिले कपडे तेवढ्यात वाळलेसुद्धा होते.

सदानंद माझ्याबरोबर कॉलेजात होता. त्याने नाचाची कंपनी काढली आणि व्यवस्था बघायला मी गेले. मी नाचत नाही. मी वेळा बघते, कपडे बघते, कोणाचा पाय मुरगळला तर क्रेप बँडेज बघते. आमच्या पत्रिकेवर 'समकालीन नृत्य' असं छापलेलं असायचं. लालबागेत त्याचा अर्थ सांगताना माझी तारांबळ उडायची. मंडळाचे सेक्रेटरी पहिल्यांदा हॉल देताना म्हणाले होते, "भरतनाट्यम का?" नाही म्हटलं. "लावणी?" नाही. "मग फिल्मी?" नाही हो. "मग नुसतंच?" मी हो म्हटलं. नुसतंच. त्यांनी मान डोलावली आणि सकाळची वेळ दिली, कारण संध्याकाळी कॅरमवाले असायचे.

हॉलला शहाबादी फरशी. काळपट करडी, पायांनी घासून घासून मधोमध चकचकीत झालेली. मे महिन्यातही तिच्यावर झोपलं की पाठ गार पडायची. काही फरश्या भरीव होत्या, काही खालून सुटलेल्या. भरीव फरशीवर टाच आपटली की कोरडा, छोटा आवाज येई. सुटलेलीवर घुमे. पोरांना कुठली फरशी कशी वाजते ते पाठ झालं होतं, आणि 'ये-जा' त्यातूनच निघालं. संगीत नाही, तबला नाही, काही नाही. पायांचा आवाज, एवढंच.

चाळीत वाढलेल्या माणसाला दार न उघडता कळतं कोण आलं ते. नळावरून हंडा घेऊन येणारी बाई टाच आधी टाकते. कामावरून आलेला बाप जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबतो, श्वास घेतो, मग चालतो. मार खाणार हे माहीत असलेलं पोर भिंतीच्या कडेकडेने येतं. आजारी माणसाचा एक पाय उशिरा पडतो. हे सगळं 'ये-जा'मध्ये होतं. सुरुवात रेश्माची. ती एकटी, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसती चालायची. तिची आई पाणी भरायला जायची तशी. बघणाऱ्याच्या लक्षात यायचं की हे चालणं नाही, हे कोणीतरी चार वाजता उठलंय. मग एकेक पाय त्यात मिसळत जाई आणि शेवटी अख्खी चाळ त्या फरशीवर दणदणत असे. उड्या, धावणं, गुडघ्यावर पडणं. मी कितीतरी वेळा बघितलं, आणि तरी दर वेळी शेवटाला मला उठून दार बघावंसं वाटे, कोणीतरी आपल्याकडेच येतंय असं वाटून.

नाट्यगृहं आम्हाला परवडत नसत. आम्ही कुठे कुठे केलं? काळ्या घोड्याजवळच्या एका चित्रांच्या गॅलरीत, दादरच्या एका शाळेच्या पटांगणात, गिरगावातल्या वाचनालयाच्या व्हरांड्यात. सगळीकडे दगड, नाहीतर सिमेंट. रेश्मा तालीम झाली की भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची. लालबाग मार्केटातली एक मच्छीवाली तिला पिशवीभर बर्फ द्यायची. तो गुडघ्यांवर ठेवायचा. बर्फाला बोंबलाचा वास. "ताई," ती म्हणायची, "माझा डावा गुडघा बोंबील आणि उजवा सुरमई." सगळे हसायचे. मीही. गुडघे दुखणं हे नाचात धरूनच चालतात, जसं स्वयंपाकात हात भाजणं.

आता लोकांना वाटतं, आमची कंपनी करोनाने बंद पडली. सोयीचं उत्तर आहे. मीही तेच सांगते. पण ती त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात संपली होती, जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात, जिथे आम्ही पहिल्यांदाच परदेशी नाचायला गेलो होतो.

बोलावणं आलं तेव्हा रेश्माच्या घरी वरळीला पेढे वाटले. बीडीडी चाळीतली त्यांची खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली तिला शाळेत मिळालेले कप ओळीने. तिची आई मला म्हणाली, "तिकडं लई थंडी. मोजे घालून नाचा म्हणावं पोरांना."

"आई, मोज्यावर नाचले तर घसरून पडीन. पार्सल करून पाठवतील परत."

"येऊ दे पार्सल. माझं आहे, मी सोडवून घेईन."

तिकडून महिनाभर आधी विचारणा आली की तुम्हाला रंगमंचावर जमीन कशी हवी. हॉलमध्ये तालीम संपली होती. मी मोठ्याने वाचून दाखवलं. कशी हवी, म्हणजे? जमीन कोणी विचारतं का? रेश्मा बर्फ लावून बसली होती, तिच्याकडे बघत सदानंद म्हणाला, "लिही. लाकडी. खालून लवचीक असते ती. वर रबरासारखी चटई. सगळ्यात चांगली असेल ती." पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "एसी पण लिहा!" इतकी वर्षं दगडावर काढलेल्या माणसांना एकदा मऊ जमीन मिळावी, एवढंच त्याच्या मनात होतं. आम्हा कोणाच्याच मनात दुसरं काही आलं नाही. ज्यांनी कधी दगडाशिवाय काही पायाखाली बघितलंच नाही, त्यांना दगडच वाजतोय हे कुठून सुचणार?

त्या शहरातला ऑक्टोबर म्हणजे पिवळी पानं, नाकाच्या शेंड्याला झोंबणारी हवा, आणि रस्त्यावर कमालीची शांतता. इकडे या दिवसांत डांबर वितळतं. तिकडे पोरं हॉटेलच्या खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून नावं काढत होती. जेवायला बरोबर नेलेले थेपले, लसणाची चटणी, मॅगी. रंगमंच बघितला तेव्हा मात्र सगळे चपला काढून उभे राहिले, देवळात राहावं तसे. काळीभोर, एकसंध जमीन. तिला पॉलिश आणि नव्या रबराचा वास होता. तिथली तंत्रज्ञ, उंच, कापलेल्या केसांची बाई, अभिमानाने म्हणाली, "तुम्ही मागितली तशीच."

तालीम सुरू झाली. मी खाली खुर्च्यांत बसले होते आणि दिव्यांच्या वेळा बघत होते. जरा वेळाने वर पाहिलं तर रेश्मा मध्यापर्यंत आलेली. मला वाटलं होतं, अजून सुरूच झालेलं नाही.

सदानंद ओरडला, "रेश्मा, टाच!"

"टाचच आहे, सर."

"जोरात!"

तिने जोर लावला. मग सगळ्यांनी लावला. सहा माणसं जीव खाऊन पाय आपटत होती आणि ऐकू येत होता तो त्यांचा श्वास, आणि कोणीतरी शेजारच्या खोलीत गादी आपटावी तसा आवाज. अख्खी चाळ त्या काळ्या रबरात बुडून गेली होती. सदानंद वर चढला. वाकून बोटांच्या पेरांनी जमीन ठोकली. मग गुडघ्यावर बसून ठोकत ठोकत कडेपर्यंत गेला, भिंतीत पोकळी शोधणाऱ्या गवंड्यासारखा. त्या बाईने मायक्रोफोन आणले, जमिनीखाली लावले. ऐकून बघितलं. बादलीत बटाटे टाकल्यासारखं वाजलं. ती खरंच धावपळ करत होती.

मी विचारलं, "ही काढता येईल का? खाली काय आहे?"

"खाली सिमेंट आहे. पण त्यावर कोणाला नाचवायची आमच्याकडे परवानगी नाही. नाचणाऱ्यांना इजा होते."

सदानंदला मी ते मराठीत सांगितलं. तो हसायला लागला. थांबेचना. "तिला सांग," तो म्हणाला, "आमचं घर, शाळा, नाच, सगळं सिमेंटवरच आहे."

मी तिला नुसतं धन्यवाद म्हटलं.

पडद्याच्या बाजूला रेश्मा उभी होती. म्हणाली, "ताई, एक बघा." तिने उडी मारली. परत मारली. मग उकिडवी बसली आणि भिंतीला हात न लावता उठली. परत बसली, परत उठली. "दुखत नाहीये," ती म्हणाली. लहान पोर झोपाळ्यावर हसतं तशी हसत होती. मोजून बघत असल्यासारखी पुन्हा उडी, पुन्हा बैठक. मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे हे असं असतं?" ती म्हणाली. "सगळ्यांचं असंच असतं, ताई?"

मी तिला शाल दिली. घामात थंडी वाजते.

प्रयोग झाला. टाळ्या खूप वाजल्या, लोक उभे राहिले. एक वयस्कर बाई आत भेटायला आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती सदानंदचा हात धरून म्हणाली, "किती शांत! ध्यानाला बसल्यासारखं वाटलं. भारतातूनच असं काही येऊ शकतं." सदानंदने नमस्कार केला. सकाळी नाश्त्याला तो मला म्हणाला, "माझी लालबागची चाळ त्यांनी उचलून हिमालयात नेऊन ठेवली." आणि ब्रेडला लोणी लावत राहिला. एकच ब्रेड, किती वेळ. आमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश ते. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत रेश्मा हवेत आहे, आणि इतक्या उंच तिला मी कधीच बघितलं नव्हतं.

परत आलो तेव्हा इकडे दिवाळीचे कंदील लागले होते. पहिल्या तालमीला रेश्मा वेळेवर आली. चालण्याचा भाग केला. हॉलभर तो आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं, घरी आल्यासारखं. पहिल्या उडीनंतर ती थांबली. दुसरी मारली आणि जागच्या जागी खाली बसली.

"सर, आधी कळत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे दुखायचं, पण दुखतंच असं वाटायचं. आता कळतं. आता कसं करू?"

दुसऱ्या दिवशी सदानंद हिंदमाताच्या कापडबाजारातून जाड सतरंज्या खांद्यावर टाकून घेऊन आला. अंथरल्या. रेश्मा त्यांवर नाचली, आवाज मेला. बाकीचे फरशीवर आणि ती एकटी सतरंजीवर, असंही करून बघितलं. चाळीत सगळे चालताहेत आणि एक बाई भुतासारखी तरंगते आहे असं दिसलं. त्याने स्वतःच्या हाताने सतरंज्या गुंडाळून ठेवल्या. त्या दोघांचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटतं. इथे दोघंही बरोबर होते. तो नाच दगडाशिवाय होत नव्हता, आणि दगड तिला खात होता. जानेवारीत ती यायची थांबली. मग एकेक करून बाकीचे. मार्चमध्ये सगळं जगच बंद पडलं, आणि आम्हाला कारण सांगायला मिळालं.

सदानंदने नंतर नवीन काही केलं नाही. गिरगावात असतो, मुलांच्या शिबिरांना शिकवतो. भेटला की म्हणतो, "पायाचा आवाज ऐकू येत नाही तोवर मला काही सुचत नाही." मी गिरगावात भाजी काय भावाने मिळते ते विचारते.

आज दुपारी वरळीला गेले. रेश्माकडच्यांना आता चाळीच्या बदल्यात नव्या टॉवरमध्ये घर मिळालंय. लिफ्ट, चकचकीत टाइल्स, समोर समुद्राचा तुकडा. तिची आई जय भीम म्हणत पुढे आली, पाणी दिलं आणि म्हणाली, "घर छान आहे हो. पण इथं कोण आलं ते कळतच नाही. बेल वाजली की मग."

रेश्मा लोअर परळच्या एका जिममध्ये शिकवते. नुकतीच येऊन बसली होती, एक पाय खुर्चीवर. "लाकडी जमीन, ताई, आरसे, सगळं. बायका वजन कमी करायला येतात आणि जमीन बघा त्यांची." गुडघ्यातली गादी झिजली आहे, डॉक्टरांनी उड्या बंद सांगितल्या आहेत, हे तिने मला आधीच कळवलं होतं. मी हॉलचं सांगितलं. सदानंदचं सांगितलं.

"सर स्वतः नाही बोलले?"

"नाही."

"घाबरले असतील." ती हसली. "येते मी. इंजेक्शन घेतलं की एक दिवस निघतो."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. तुमच्याकडे दुसरी कोण आहे माझं चालणं चालायला?"

दुसरी कोणी नाही, हे खरं होतं. शिकवायला कित्येक महिने लागतात. मोबाइलवर काढलेले जुने व्हिडिओ आहेत, त्यांत पंख्याची घरघर आहे आणि लांबून काहीतरी ठोकल्यासारखं. नाच कागदावर राहत नाही. हॉल पडला की तो गेला, आणि नाचणाऱ्यांच्या अंगात जेवढा आहे तेवढाही एकेका वर्षाने कमी होत जाणार.

"सरांना हो सांगू?" मी विचारलं.

तिने पाय खुर्चीवरून खाली घेतला. दोन्ही हातांनी घेतला, पिशवी उचलतात तसा. "ताई, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही ये म्हणालात तर येते. नको म्हणालात तर नाही येत. मला नका विचारू."

तिची आई कोथिंबीर निवडत होती. ती वर बघत होती, माझ्याकडे.

उद्या सांगते म्हणून मी उठले. निघताना रेश्मा दारापर्यंत आली. लिफ्ट येईपर्यंत आम्ही उभ्या होतो. त्या लांबच लांब पॅसेजमधून कोणीतरी येत होतं आणि पाय अजिबात वाजत नव्हते. एकदम माणूसच समोर आला.

संध्याकाळी कपडे काढले, घड्या केल्या. हात काम करत होते आणि डोक्यात तेच. एवढं सुंदर काहीतरी आम्ही बनवलं, आणि ते बनलं होतं एका पोरीच्या हाडांवर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. मी ज्या बाजूने बघावं त्या बाजूला काहीतरी मोडतंय, आणि जे उरतं ते चांगलं आहे असंही म्हणवत नाही. मला वाटायचं, वय झालं की अशा वेळी काय करावं ते कळतं. कळत नाही. फक्त उरकण्याची सवय झालेली असते.

१३ ऑक्टोबर. आज सकाळी सात वाजता, ती जिमला निघायच्या आधी, रेश्माला फोन केला. "येऊ नकोस," म्हटलं.

"बरं, ताई," ती म्हणाली. लगेच म्हणाली. मग, "आणि सर?"

"त्यांना मी बघते."

तिच्या त्या 'बरं'मध्ये मला सुटका ऐकू आली. मग सदानंदला फोन लावला.

"नाही म्हणाली?" त्याने विचारलं.

"ती हो म्हणाली. मी नको म्हटलं."

त्याच्याकडचा पंखा ऐकू येत होता. "ठीक," तो म्हणाला.

आंघोळ केली, डबा भरला आणि ऑफिसला जाताना लालबागला उतरून मंडळात हॉलची किल्ली दिली. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, महिनाअखेरपर्यंत होती की तुमच्याकडे." म्हटलं, लागणार नाही.